दुकानाचं दिवाळं निघालं, आता वॉरंटी आणि ॲडव्हान्सचं काय? क्लेम कोण करू शकतं, कागद कोणते लागतात

पैसे भरलेत, माल यायचाय आणि दुकानाचं शटर खाली. किंवा माल घरात आहे पण वॉरंटीचं दीड वर्ष बाकी असताना बातमी येते की कंपनी दिवाळखोरीत गेली. अशा वेळी लोक आधी शटरचा फोटो काढून सगळीकडे फिरवतात, त्याने मन हलकं होतं, पैसे काही येत नाहीत. त्यापेक्षा घरातला कागद काढा आणि जबाबदारी कोणाच्या नावावर आहे ते बघा. दुकान, माल बनवणारी कंपनी, विमा कंपनी आणि तुमची बँक, या चौघांपैकी जो बुडालेला नाही त्याला आधी गाठायचं. बुडालेल्या दुकानाकडे पैसे अडकलेल्यांच्या रांगेतही नाव लावून ठेवायचं, पण भरवसा त्या रांगेवर ठेवायचा नाही.

वॉरंटीचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. मूळ वॉरंटी बहुतेक वेळा माल बनवणाऱ्या कंपनीची असते, दुकान गेलं तरी ती चालू राहते, फक्त खरेदीची तारीख दाखवणारं बिल पाहिजे आणि सिरीयल नंबर जुळला पाहिजे. बिल आजच स्कॅन करून ठेवा, थर्मल पेपरवरची अक्षरं वर्षभरात उडतात आणि दुकान बंद झाल्यावर डुप्लिकेट द्यायला कोणी बसलेलं नसतं. एक्स्टेंडेड वॉरंटीचं मात्र वेगळं आहे. माझ्याकडे वॉशिंग मशीनच्या अशा प्लॅनचा कागद होता, पुढच्या बाजूला दुकानाचा लोगो एवढा मोठा की दुकानच सगळं देतंय असं वाटावं, आणि मागे तळाला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहिलेलं की दुरुस्तीचा खर्च एक विमा कंपनी उचलेल. ती एक ओळ असेल तर तुम्ही सुटलात, सरळ त्या विमा कंपनीला फोन करा. तिथेही दुकानाचंच नाव असेल तर तुम्ही दुकानाचे धनको, म्हणजे पैसे अडकलेले येणेकरी झालात, म्हणजे रांगेत.

युरोपियन युनियनमध्ये कायद्यानेच किमान दोन वर्षांची हमी मिळते, पण ती विकणाऱ्यावर बंधनकारक असते, त्यामुळे विकणाराच बुडाला की कायदा कागदावर राहतो आणि कंपनीने आपणहून दिलेली गॅरंटी असेल तर तिच्यावरच भागवावं लागतं.

आता बँक. कार्डाने पैसे भरले असतील तर इथूनच पैसे परत यायची शक्यता सगळ्यात जास्त. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ आहे, १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू क्रेडिट कार्डने घेतली असेल तर दुकानाएवढीच बँकही जबाबदार, आणि गंमत म्हणजे नुसता ॲडव्हान्स कार्डाने दिला असेल तरी पूर्ण किमतीचा दावा लावता येतो. अमेरिकेत न आलेल्या मालाबद्दल कार्ड कंपनीला लेखी कळवायला स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवस असतात. बाकी ठिकाणी आणि डेबिट कार्डावर चार्जबॅक, म्हणजे बँकेकडून झालेला व्यवहार उलटवून पैसे परत मागता येतात, व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कच्या नियमात साधारण १२० दिवसांची मुदत असते. दुकान म्हणतंय पुढच्या आठवड्यात नक्की देतो, पुढच्या आठवड्यात नक्की देतो, आणि आपण भिडेखातर थांबतो, तेवढ्यात मुदत संपते, मग केलेली तक्रार म्हणजे वरातीमागून घोडं. बँकेला ऑर्डर कन्फर्मेशन, पैसे कापल्याचं स्टेटमेंट, डिलिव्हरीची ठरलेली तारीख आणि दुकानाला पाठवलेला ईमेल (उत्तर आलं नसलं तरी) एवढं लागतं. रोख दिले असतील तर हा रस्ता बंद.

दिवाळखोरीतला क्लेम

कोण करू शकतं? ज्याचं दुकानाकडे काहीही येणं आहे तो प्रत्येक जण. ॲडव्हान्स दिलेला, रिफंड मंजूर होऊनही न मिळालेला, गिफ्ट कार्डात शिल्लक असलेला, दुकानाच्याच वॉरंटीवर अवलंबून असलेला. वकील लागत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली की कायद्याच्या प्रक्रियेतून एक माणूस नेमला जातो, कुठे लिक्विडेटर म्हणतात, कुठे ॲडमिनिस्ट्रेटर, भारतात रिझोल्यूशन प्रोफेशनल, आणि तो जाहीर सूचना काढतो की अमुक तारखेपर्यंत दावे पाठवा. ती तारीख हीच खरी किल्ली. भारतात नेमणुकीपासून १४ दिवसांची मुदत असते, नंतर उशिराचे दावेही काही काळ घेतात, पण त्यावर विसंबू नका. सूचना आयबीबीआय या दिवाळखोरीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाच्या वेबसाईटवर सापडते, आणि साध्या ग्राहकाचा फॉर्म बहुतेकदा फॉर्म एफ असतो. अमेरिकेत फॉर्म ४१०, फी शून्य.

त्या फॉर्म ४१० मध्ये १२ नंबरचा प्रश्न लोक नीट न वाचता सोडून देतात. तुमच्या दाव्याला प्राधान्य आहे का असं विचारतात आणि खाली चौकोनांची यादी असते, त्यातला एक चौकोन घरगुती वापराच्या वस्तूसाठी दिलेल्या ॲडव्हान्सचा. एप्रिल २०२५ पासूनच्या केसेसमध्ये ३,८०० डॉलरपर्यंतचा ॲडव्हान्स त्यात बसतो. तिथे टिक केली तर तुम्ही साध्या धनकोंच्या पुढे, नाही केली तर त्यांच्याच रांगेत मागे. कारण पैसे वाटताना तारण घेतलेल्या बँका, प्रक्रियेचा खर्च, कामगारांचे पगार हे सगळे आधी जेवून उठतात आणि साध्या ग्राहकाच्या पंक्तीला येईपर्यंत बहुतेकदा पातेलं खरवडायची वेळ आलेली असते.

कागद: बिल किंवा ऑर्डर नंबर, पैसे भरल्याचा पुरावा, वॉरंटी किंवा गिफ्ट कार्डाची प्रत, ओळखपत्र मागितलं तर ते. रक्कम लिहिताना दिवाळखोरी सुरू झाली त्या तारखेला जेवढं येणं होतं तेवढंच लिहा, मनस्तापाचे वाढवून लिहिलेले पैसे तपासणीत उडतात आणि उगाच दावा रेंगाळतो. मूळ कागद कधीही पाठवू नका, झेरॉक्स पाठवा, आणि पोच मागून घ्या.

भारतात आणखी एक अडचण आहे. कंपनीची केस एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांचे खटले बघणाऱ्या न्यायाधिकरणाने, दाखल करून घेतली की मोरॅटोरियम, म्हणजे कंपनीविरुद्धच्या कारवाईला स्थगिती लागते, मग त्या कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगातली चालू तक्रारसुद्धा थांबते. तेव्हा क्लेम हाच रस्ता. पण दुकान कंपनी नसून एकट्या मालकाच्या नावावर असेल तर दुकान बंद झालं म्हणून मालक सुटत नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार टाकता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाईनवर नोंदवून बघायला हरकत नाही.

गिफ्ट कार्ड असेल तर बातमी आली त्याच दिवशी खर्च करा, जे मिळेल ते घ्या. अमेरिकेत टॉईज आर अस या खेळण्यांच्या दुकानांनी २०१८ मध्ये बंद होताना कार्ड वापरायला ३० दिवस दिले होते, बेड बाथ अँड बियाँड या घरगुती सामानाच्या दुकानांनी २०२३ मध्ये एप्रिलअखेर अर्ज केला आणि ८ मेनंतर कार्ड घेणं बंद. शार्पर इमेज या दुकानांनी २००८ मध्ये आधी कार्ड नाकारली, मग म्हणाले कार्डाच्या दुप्पट किमतीची खरेदी करा तर घेऊ. यातून काय समजायचं ते समजा.

दुरुस्तीला टाकलेली वस्तू मात्र पूर्णपणे तुमची, ती दुकानाच्या मालमत्तेत धरत नाहीत. जॉब शीट (दुरुस्तीला टाकताना मिळालेली पावती) आणि सिरीयल नंबर घेऊन लिक्विडेटरला लगेच लेखी कळवा, लिलावाचं सामान उचलायच्या आत, नाहीतर तुमचा लॅपटॉप दुसऱ्याच कोणाच्या तरी लॉटमध्ये जायचा.

क्लोजिंग सेलमध्ये घेणार असाल तर परत घेणार नाही हे गृहीत धरूनच घ्या, डबा तिथेच उघडून बघा, चालू करून बघा, आणि कंपनीच्या वेबसाईटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी लागू दिसते का ते बिल करायच्या आधी तपासा. शोरूमचे डिस्प्ले पीस असतील तर हे दोनदा करा.

क्लेम टाकल्यावर कोणी फोन करून म्हणालं की एवढी प्रोसेसिंग फी भरा, पैसे लवकर सोडवतो, तर फोन ठेवून द्या आणि जाहीर सूचनेतल्या पत्त्यावर स्वतः विचारा. निकाल लागायला महिने नाही, वर्षं जातात. मधे घर बदललं किंवा बँक खातं बदललं तर लेखी कळवा, नाहीतर जे काही चार पैसे सुटतील त्याचा चेक जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरेल.