अननस फणसाचा कोण लागतो?

मे महिन्यात अंगणात फणस फोडायला बसलं, की कोणीतरी सांगतंच : अननस हा फणसाचा सगोत्र. बघा ना, दोघांना काटे आणि दोघांच्या नावाचा शेवटही सारखाच, ‘णस’ नि ‘नस’!

‘सगोत्र’ म्हणजे ज्यांचं गोत्र एकच ते. लग्नाच्या बोलणीत त्याचा अर्थ वेगळा, वनस्पतिशास्त्रात वेगळा, भाषेत आणखी वेगळा. घोळ होतो तो इथेच.

झाडांचं पाहिलं तर फणसाचे सगेसोयरे म्हणजे वड, उंबर, अंजीर. म्हणून चीक सगळ्यांना. कोयतीला तेल चोळल्याशिवाय गरे काढून बघा, बोटं सुटायची नाहीत. अननसाचं कूळ (कूळकायद्यातलं नव्हे!) निराळंच, दक्षिण अमेरिकेतलं. अनेक फुलांचं मिळून एक फळ होतं, एवढंच दोघांत साम्य.

आता शब्द. ‘फणस’ आला संस्कृत ‘पनस’वरून, कोकणीतला ‘पणस’ त्याचा खरा सगोत्र. ‘अननस’ मात्र पोर्तुगीजांनी १६व्या शतकात फळासकट आणला, मूळ दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांतलं. शेवटचं ‘णस’-‘नस’ जुळणं निव्वळ योगायोग.

गंमत म्हणजे ‘काजू’ हा शब्दही पोर्तुगीजांमार्फत तुपीतूनच आला. म्हणजे नावापुरते काजू नि अननस एका गावचे. झाड म्हणून काजूचं नातं आंब्याशी आणि बिब्ब्याशी. ओली काजूबी सोलताना तेल लागून हाताची सालपटं निघतात, ती याच घराण्याची देणगी.