मूळ पुरुषाचा कागदोपत्री शोध (महाराष्ट्र)

मूळ पुरुष म्हणजे घराण्यातला तो पहिला माणूस, जो त्या गावात आला, पडीक रान मोडून वहीत केलं, घर बांधलं आणि ज्याच्यापासून पुढे भावकी वाढली. प्रत्येक भावकीत त्याची गोष्ट असते आणि खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी ती एकच असते: दोघे-तिघे भाऊ कुठल्यातरी दुष्काळात नाहीतर भांडणातून गाव सोडून निघाले, एक इथं राहिला, एक नदीपलीकडं गेला, तिसऱ्याचा पत्ता नाही. काही घरांत ती गोष्ट थेट दुर्गादेवीच्या दुष्काळापर्यंत नेतात, जो १३९६ ते १४०७ असा बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते. गोष्टीला कागदाचा आधार शोधायचा म्हटलं की मग सातबारा, फेरफार, साऱ्याचे हिशेब, खानेसुमारी आणि मोडी लिपीतले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) असा उलटा प्रवास सुरू होतो.

या कामात नवीन माणूस हमखास जी चूक करतो ती म्हणजे आडनाव घेऊन शोधायला बसणं. जुन्या कागदात आडनाव असेलच असं नाही. तिथं 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वलद तमुक' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे अमका तमक्याचा मुलगा, आणि बाई असेल तर 'कोम' किंवा 'मर्द' लिहून पुढे नवऱ्याचं नाव. एका गावात राणू बिन तुका चार निघतात. त्यामुळं माणसाच्या मागं न लागता जमिनीच्या मागं लागायचं. माणसं मरतात, आडनावं बदलतात, पण रान जागचं हलत नाही आणि सरकारला सारा हवा असल्यामुळं प्रत्येक पिढीत कुणीतरी त्या रानाचा हिशेब लिहून ठेवलेला असतो.

आता जनगणनेचं. अमेरिकेत लोकं पूर्वज शोधायला पहिल्यांदा जनगणनाच उघडतात, कारण तिथं १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव तक्त्यात आहे (गुलामांची नावं नाहीत) आणि ७२ वर्षं झाली की ते तक्ते सगळ्यांना खुले होतात, १९५० सालचे २०२२ मध्ये झाले. त्यांचंही सगळं सुरळीत नाही, १८९० चे बहुतेक तक्ते १९२१ च्या आगीपायी गेले. आपल्याकडं मात्र हा दरवाजाच बंद आहे. १८७२ ची गणना आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या गणना, यातले घरोघरचे तक्ते बेरजा झाल्यावर जपून ठेवलेच नाहीत, उरले ते छापील आकडे: गावात किती घरं, किती माणसं, कुठल्या जातीची किती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्यातल्या कलम १५ नुसार तर जनगणनेची वैयक्तिक नोंद कुणालाही बघता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. गंमत अशी की १८७२ च्या गणनेच्या शंभर वर्षं आधी पेशवाईत कर बसवायला जी खानेसुमारी व्हायची तिच्यात घरागणिक कुटुंबप्रमुखाचं नाव सापडतं. थोडक्यात आपल्याकडं माणसं मोजणाऱ्यानं नाव फेकून दिलं आणि पैसे वसूल करणाऱ्यानं जपलं.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र, वर मालकी, खाली पीकपाणी. ऑनलाइन मिळतो त्यात चालू नावं असतात, पण शोधाला कामाचे ते जुने हस्तलिखित उतारे. त्यात जे नाव कंसात टाकलंय त्याचा हक्क संपलाय, आणि नावाशेजारी गोलात जो आकडा असतो तो फेरफार नंबर. तो आकडा धरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार रजिस्टर काढायचं. खरा खजिना इथं आहे. कोण मयत झाला, कधी झाला, मागं वारस कोण, अज्ञान मुलगा असेल तर त्याचा पालनकर्ता कोण (अ.पा.क. असं लिहितात), वाटप कसं झालं, सावकाराकडं गहाण कधी पडलं, हे सगळं तलाठ्याच्या दोन-चार ओळीत येतं. एक फेरफार वाचला की त्यातला बाप मिळतो, मग बापाच्या नावावर जमीन ज्या फेरफारानं आली तो शोधायचा, असं करत मागं. 'ए.कु.मॅ.' दिसलं की थांबा. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लावलंय आणि धाकटे भाऊ कागदावर नाहीत, पण घरात आहेत. कित्येक वंशावळीत धाकटी पाती गळालेली असते ती ह्या तीन अक्षरांमुळं.

मागं जाताना एक खड्डा ठरलेला आहे. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर बऱ्याच गावांत सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि लोकं आजचा गट नंबर घेऊन जुन्या दप्तरात शोधत बसतात आणि भलत्याच्याच रानात जाऊन पोचतात. एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा काढला की कुठल्या सर्वे नंबराचा कुठला गट झाला ते जुळतं. हा उतारा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागायचा, तलाठ्याकडं नाही. दुसरा खड्डा कुळकायद्याचा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, त्यामुळं तुमचा पणजोबा कूळ असेल तर त्याच्या आधी त्याचं नाव मालकाच्या रकान्यात शोधून मिळणार नाही, कुळाच्या रकान्यात बघावं लागेल. कोकणात तर खोताचं नाव वर आणि कसणारा खाली असं पिढ्यानपिढ्या चाललेलं, खोती १९४९ च्या कायद्यानं गेली.

फेरफारांची मालिका काही अनादी नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात आला, आणि गावात हक्कनोंदणी लागू झाली तिथपासून फेरफार १ नंबरनं सुरू होतात. साधारण १९३० च्या आसपासची एक पायरी म्हणजे कडईपत्रक (जमीन कुणाकडं आहे ते सांगणारा जुना महसुली कागद), ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. फेरफारांच्या मागं जायचं म्हणजे पहिल्या सर्वेच्या कागदांकडं.

तो सर्वे कसा झाला हे माहीत असलं की कागद वाचायला सोपे जातात. पुणे भागात प्रिंगल साहेबानं १८२७ नंतर पहिली मोजणी केली, आकार (जमिनीवर ठरवलेला सारा) एवढा चढा बसला की इंदापूरकडं शेतं ओस पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून नव्यानं सुरुवात केली, दर उतरवले, आकार ३० वर्षांसाठी कायम केला आणि एका बैलजोडीनं कसता येईल एवढा तुकडा हा एक सर्वे नंबर असा हिशेब धरला. मोजणी ३३ फुटी साखळीनं, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. ह्या काळातले टिपण, गुणाकार बुक, शेतवारपत्रक, आकारबंद असे मोजणीचे आणि साऱ्याचे कागद अजून निघतात. अडचण अशी की नंबर सहसा एकाच खातेदाराच्या नावावर, भाऊबंद पोटात. तरी सगळ्यात मोलाचं इथं जे मिळतं ते राजीनामा आणि कबुलायत. शेतकऱ्याला नंबर सोडायचा असेल तर तो राजीनामा द्यायचा आणि नवा माणूस कबुलायत लिहून तो नंबर घ्यायचा. गोष्टीतला 'बाहेरून आलेला' मूळ पुरुष कागदावर पहिल्यांदा उगवतो तो अशा कबुलायतीत, खास करून १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, जेव्हा रानं सुटली आणि पुन्हा धरली गेली. आमच्या भावकीची 'शिवकाळापासून' असलेली जमीन त्या दुष्काळानंतरच्या कबुलायतीवर येऊन थांबते हे बघून एका चुलत्यानं माझ्याशी बोलणं सोडलं होतं, अर्थात त्यानं कागद काही बदलला नाही.

इंग्रजांच्या मागं गेलं की लिपी मोडी. आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं लोंबकळत ठेवायची, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, त्यामुळं 'दिन' आणि 'दीन' संदर्भावरनं ओळखायचं. तारखा तर त्याहून वैताग. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९० किंवा ५९१, आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६००, ते पण आकडा अरबी शब्दांत: 'सन सबैन मया व अलफ' म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, झाले ११७०, म्हणजे इसवी १७६९-७०. सुहूर वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मे महिन्यातला कागद आणि जूनमधला कागद वेगळ्या सनाचे. मापं पण वेगळी: २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर.

ह्या थरातला शोध दोन शब्दांवर फिरतो, मिरासदार आणि उपरी. मिरासदार म्हणजे वंशपरंपरा हक्काचा, त्यालाच थळकरी म्हणायचे. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. गावाला पडीक जमीन लागवडीला आणायची असली की उपऱ्याला कौल (अटी लिहून दिलेला कागद) द्यायचे आणि सारा इस्ताव्यानं लावायचे, म्हणजे पहिल्या वर्षी नावापुरता, मग दरसाल चढत चढत काही वर्षांनी पूर्ण दर. जंगल मोडणाऱ्या माणसाला पहिली पिकं हातात राहावीत हा त्यामागचा व्यवहार. कौलाचा कागद घरात निघाला तर मूळ पुरुष सापडलाच म्हणायचं, आल्याचं साल, रान आणि अटी तिन्ही एकाच ठिकाणी. गावाच्या बाजूनं बघायचं तर थळझाडा, म्हणजे गावच्या जमिनीची थळवार यादी, बघावा. गावची जमीन थळांत वाटलेली असायची आणि थळाला ज्या घराण्यानं ते पहिल्यांदा धरलं त्याचं नाव. घराणं निर्वंश झालं किंवा परागंदा झालं तर जमीन गतकूळ व्हायची, पाटील ती दुसऱ्याला द्यायचा, पण थळाचं नाव तेच राहायचं. म्हणून आपल्या रानाला दुसऱ्याच आडनावाचं थळ म्हणतात हे आजोबांकडनं ऐकलं असेल तर ते सोडून देऊ नका, तुमच्या आधी तिथं कोण होतं ते त्यात आहे. गावझाडे, थळझाडे, लावणीचे हिशेब असले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये त्यातले निवडक ४५ खंड छापले, पण ते राजकारणाकडं झुकलेले, तुमच्या गावचा सारा त्यात मिळायचा नाही, रुमालच सोडावे लागतात.

हे सगळं झालं मुंबई इलाख्याचं. मराठवाडा निजामाकडं असल्यानं तिथं १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक हा खुंटा, आणि त्याच्या मागं मोडीसोबत उर्दू वाचणारा लागतो. नागपूरकडं मालगुजारी (गावचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा) होती म्हणून १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि त्यामागं बंदोबस्ताच्या, म्हणजे साऱ्याच्या आकारणीच्या, मिसली (कागदांच्या फायली). गोव्यात वेगळीच तऱ्हा, तिथं पहिल्यांदा गाव वसवणारे ते गांवकार, त्यांचे वांगोड (घराण्यांचे गट), आणि गांवकारीचे कागद पोर्तुगीजात. १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं तिथल्या गांवकारीच्या रूढी लिहून काढल्या त्यातच हे लिहिलंय की पडीक जागा लागवडीला आणणाऱ्यांचे वंशज हे गांवकार.

जमिनीच्या कागदांना जोड लागते ती माणसांच्या कागदांची. गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू आहेत, बापाचं नाव आणि जातीसकट. शाळेचं जनरल रजिस्टर आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांनी आपल्या पिढ्या सांगितलेल्या असतात, दक्षिणेकडं हेळवी (वंशावळी सांभाळणारा फिरता माणूस) येऊन वंशावळ वाचून दाखवतो. वह्या आणि हेळव्याचं पाठांतर हे सांगणाऱ्यावर अवलंबून, तेव्हा फेरफाराशी जुळलं तरच धरावं असं माझं मत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली तेव्हापासून कोतवाल बुकं आणि मोडी वाचणारे दोन्हींना एकदम भाव आला, जे रुमाल वर्षानुवर्षं कुणी सोडले नव्हते ते स्कॅन झाले, काही जुने अभिलेख आता ऑनलाइनही दिसतात. तरी नक्कल अर्ज देऊन अभिलेख कक्षात जाऊन बसण्याला पर्याय नाही, कारण स्कॅनमध्ये कडेला लिहिलेला शेरा कापला जातो आणि नेमकं कामाचं तिथंच असतं.

ज्यांच्या नावावर रान नव्हतं ते ह्या दप्तरात नाहीत: सालगडी, शेतमजूर, बरेचसे बलुतेदार. वतन असलं तर वतनाच्या रजिस्टरात सापडतात, नाहीतर कोतवाल बुकाशिवाय काही नाही. बायकांचं म्हणाल तर 'कोम' च्या पलीकडं फार जात नाही, विधवा असेल आणि मुलगा नसेल किंवा अज्ञान असेल तेव्हाच सहसा नाव चढतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारस फेरफारात मुली येतात, कधीकधी सासरच्या गावासकट, आणि बऱ्याचदा पुढच्याच फेरफारात हक्कसोड करून निघून पण जातात. ते सासरचं गाव लिहून घ्यायचं, कारण आजीच्या माहेरकडची बाजू काढायची असेल तर तिथल्या तलाठ्याकडं नव्यानं अर्ज करावा लागतो.