क्रोमॅटिनची घडण आणि जनुकांचे प्रतिलेखन

मानवी पेशीतील डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो. तो मावतो मात्र ५ ते १० मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ या हिस्टोन प्रथिनांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून एक गड्डा होतो. त्याभोवती १४७ बेस जोड्या सुमारे १.६५ वेढे घेतात. हा न्यूक्लिओसोम. अशा न्यूक्लिओसोमांत गुंडाळलेला डीएनए म्हणजे क्रोमॅटिन; त्याच्या घडणीवर जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे त्याची आरएनए प्रत बनणे, अवलंबून असते. वेढ्यात अडकलेला क्रम जनुके चालू-बंद करणाऱ्या नियंत्रक प्रथिनांच्या हाती सहसा लागत नाही. वेढ्याची टोके मात्र अधूनमधून आपोआप सुटतात, त्यामुळे कडेचा क्रम मधल्यापेक्षा लवकर सापडतो.

यीस्टच्या पीएचओ५ जनुकात हे फार स्वच्छ दिसते. आम्ल फॉस्फेटेज बनवणारे हे जनुक फॉस्फेट मुबलक असताना बंद असते आणि त्याच्या प्रवर्तकावर (प्रतिलेखन सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या भागावर) चार न्यूक्लिओसोम ठरलेल्या जागी बसलेले असतात. हे जनुक चालू करणाऱ्या पीएचओ४ प्रथिनाच्या दोन बंधनजागांपैकी एक उघडी, दुसरी वेढ्यात. प्रतिलेखन जिथून सुरू होते त्याजवळचा टाटा बॉक्स हा क्रमही झाकलेला. फॉस्फेट संपले की पीएचओ४ केंद्रकात साठते आणि आधी उघडी जागा धरते. पाठोपाठ येणारी विकरे हिस्टोनमधल्या लायसिन या अमिनो आम्लांवर ॲसिटिल गट बसवतात. लायसिनचा धनभार जातो, ऋणभारित डीएनएवरची पकड ढिली पडते. मग एटीपी खर्चून न्यूक्लिओसोम उखडणारी प्रथिनसंकुले काम करतात आणि टाटा बॉक्स मोकळा होतो. मिथिल गटांनी भार बदलत नाही: मानवी पेशींत एच३च्या ९व्या लायसिनवर असे तीन गट बसले की तिथे एचपी१ प्रथिन चिकटते आणि तो भाग दाटतो.

उघडे म्हणजे चालू, ही समजूत चुकीची आहे. फळमाशीच्या एचएसपी७० जनुकाचा प्रवर्तक उष्णतेचा धक्का बसण्याआधीच उघडा असतो. प्रतिलेखन करणारे विकर, पॉलिमरेज, २० ते ४० न्यूक्लिओटाइड पुढे जाऊन थबकलेले असते. पाठ्यपुस्तकांतला, न्यूक्लिओसोमांची साखळी गुंडाळून होणारा ३० नॅनोमीटरचा नीटस धागाही जपूनच घ्यावा. २०१७ मध्ये मानवी पेशींत जागच्या जागी पाहिले तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्याच दिसल्या.

उघडे भाग शोधण्यासाठी २०१३ पासून अटॅक-सीक्वेन्सिंग ही पद्धत वापरतात. सुमारे ५०,००० पेशींची केंद्रके टीएन५ विकरासोबत ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवतात. विकर मोकळा डीएनए तोडून तिथेच जोडतुकडे (डीएनएचे ठरावीक छोटे तुकडे) बसवते. मग हे तुकडे वाचले की उघड्या भागांत वाचनांचे उंचवटे दिसतात. पेशी मोजण्यात चूक झाली की प्रयोग फसतो: कमी असल्या तर डीएनएचा चुरा होतो, जास्त असल्या तर लांब तुकडे उरतात. मृत पेशींचा उघडा पडलेला डीएनए सगळीकडे सारखाच तुटतो आणि खरे उंचवटे त्यात बुडतात. मायटोकाँड्रियातल्या डीएनएवर न्यूक्लिओसोम नसल्याने केंद्रके नीट धुतली नाहीत तर वाचनांचा मोठा हिस्सा तोच खातो.