चाचणी एकच, निकाल दोन

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचे सॉफ्टवेअर बसवले आहे असे समजा. भरलेल्या गाडीचे काट्यावर वजन होते, ओलावा मोजला जातो आणि त्यानुसार भाव ठरून शेतकऱ्याच्या हाती पावती पडते. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि १२ च्या वर गेल्यास कापूस नाकारला जातो. सॉफ्टवेअरमध्ये लहानसा बदल केला तरी ही सारी गणिते पुन्हा तपासावी लागतात. दरवेळी ती हाताने तपासणे शक्य नसल्याने स्वयंचलित चाचण्या लिहिल्या जातात, ११.९ टक्के ओलाव्याला किती रक्कम यावी हे आधीच नोंदवून ठेवायचे आणि प्रत्येक बदलानंतर संगणकानेच ते ताडून पाहायचे.

खरी अडचण चाचणी लिहिण्यापेक्षा ती ज्या वातावरणात चालते त्यात अधिक असते. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नसताना तीच चाचणी सकाळी पास आणि रात्री नापास होऊ लागते. अशा चाचण्यांना या व्यवसायात ‘फ्लेकी’ म्हणतात. आपल्याकडील सुमारे १६ टक्के चाचण्यांमध्ये असा लहरीपणा कमीअधिक प्रमाणात आढळतो, असे गूगलने २०१६ मध्ये सांगितले होते. माझ्या मते लहरी चाचणी असण्यापेक्षा ती नसलेली बरी, कारण ‘पुन्हा चालवून बघ, होईल पास’ ही सवय एकदा लागली की खरी चूकही त्याच सवयीखाली दबून जाते.

पहिला संशयित म्हणजे घड्याळ. चाचण्या ज्या सर्व्हरवर चालतात तो बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ पाळतो आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे आहे. चाचणीने आजचा भाव भारतीय तारखेखाली नोंदवला आणि प्रोग्रामने मात्र तारीख सर्व्हरला विचारली, तर रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेत सर्व्हर कालची तारीख सांगतो आणि पावतीवर कालचा भाव येतो. दिवसा हा दोष कुणाला दिसत नाही. म्हणून चाचणीत खरे घड्याळ वापरू नये. प्रोग्रामला ठरावीक क्षण बाहेरून पुरवावा, टाइमझोन स्पष्ट लिहावा आणि रात्री सव्वाबाराची एक चाचणी मुद्दाम ठेवावी, कारण हंगामात काटा उशिरापर्यंत चालू राहिला तर हीच चूक खऱ्या पावतीवरही उतरेल.

दुसरा संशयित सहसा ध्यानात येत नाही, तो म्हणजे यंत्रावर निवडलेली भाषेची मांडणी, अर्थात ‘लोकेल’; अक्षरांचा क्रम तीच ठरवते. शेतकऱ्यांची यादी अकारविल्हे लावायची आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, म्हणून ‘कावळे’ आधी आणि ‘काळे’ नंतर. संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘व’ च्या आधी आहे. ज्या यंत्रावर मराठी लोकेल लावलेले नाही, तिथे यादी उलटते आणि चाचणी नापास होते. दोष कोडमध्ये शोधत बसण्यात दिवस जातो.

डेटाबेसचा प्रश्न आपल्याकडे आणखी बिकट होतो. चाचणी संपल्यावर स्वतः टाकलेल्या नोंदी पुसून टाकते खरी, पण मध्येच वीज गेली तर त्या तशाच राहतात आणि पुढच्या वेळी वजनांची बेरीज चुकते. सफाई फक्त शेवटी करणाऱ्याने विजेवर फारच भरवसा टाकलेला असतो! साफसफाई सुरुवातीलाच करावी; जसा गाडी चढवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का ते पाहतात. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक चाचणीला स्वतःचा कोरा डेटाबेस द्यावा.

एसएमएस किंवा बँकेच्या सेवेच्या जागी चाचणीत नकली सेवा ठेवावी, म्हणजे गावातल्या नेटच्या भरवशावर निकाल राहत नाही. पडद्यावर उत्तर येईपर्यंत ‘पाच सेकंद थांब’ असे न लिहिता ‘उत्तर दिसेपर्यंत थांब’ असे लिहावे आणि त्याला कमाल मर्यादा घालावी.

हे सारे वातावरण एकाच साच्यात बांधण्यासाठी कंटेनर वापरतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकर या साधनामुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या फायली, भाषा, लायब्ररी (तयार कोडचे संच) आणि टाइमझोन एका प्रतिमेत, म्हणजे ‘इमेज’ नावाच्या तयार संचात, गोठवले जातात, त्यामुळे यवतमाळचा लॅपटॉप आणि दूरचा सर्व्हर यांच्यातील बहुतेक फरक नाहीसा होतो. मात्र प्रतिमेच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहिले तर पुढच्या आठवड्यात त्याच नावाने वेगळीच प्रतिमा उतरू शकते, म्हणून आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहावा. एवढे करूनही एखादी चाचणी लहरी राहिलीच, तर तिला मुख्य यादीतून बाजूला काढून कारण सापडेपर्यंत वेगळी चालवावी आणि तिच्यावर कुणाचे तरी नाव टाकावे. निनावी ठेवलेली चाचणी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.