साम्य किती टक्के आणि चोरी किती?

प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की विभागाच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: "प्लॅगॅरिझम किती आला?" कुणाचा ८, कुणाचा २१, कुणाचा ३४. आठवाला सुटला, चौतीसवाला गाईडच्या केबिनबाहेर उभा. गंमत अशी की यातल्या एकाचाही 'प्लॅगॅरिझम' आलेला नसतो. मूडलवर, म्हणजे महाविद्यालयाच्या ऑनलाइन वर्गात, असाइनमेंट अपलोड केल्यावर त्याला जोडलेलं टर्निटिन हे तपासणीचं सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं, तो साम्याचा असतो. तुमच्या मजकुराचा किती भाग त्यांच्या साठ्यातल्या कुठल्या ना कुठल्या मजकुराशी जुळला, एवढंच त्यातून कळतं. प्लॅगॅरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य, आणि ती वेगळी बाब आहे: दुसऱ्याचे शब्द, कल्पना किंवा मांडणी त्याचं नाव न घेता स्वतःची म्हणून देणं. साम्य यंत्राला मोजता येतं. चोरी आहे की नाही हे कुणीतरी बसून वाचल्याशिवाय ठरत नाही.

समजा, दोघी जणी रोजगार हमी योजनेवर लिहितायत. पहिलीच्या रिपोर्टवर ३४ टक्के, म्हणजे टर्निटिनच्या रंगांत पिवळा. उघडून बघावं तर काय जुळलंय? महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ ची कलमं, तीही कलमाचा क्रमांक देऊन उतरवलेली. चार पानांची संदर्भसूची. महाविद्यालयानेच दिलेलं मुखपृष्ठ, आणि "मी असे प्रतिज्ञापूर्वक नमूद करते की" हे प्रतिज्ञापत्र, जे वर्गातल्या प्रत्येकाच्या प्रकल्पात अक्षरशः तेच असतं. चोरी शून्य.

दुसरीचा ६ टक्के, हिरवा. पण तिच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य आहे: "कष्ट जास्त आणि मोबदला कमी, म्हणून गरजवंतच या कामांकडे वळतात; परिणामी लाभार्थी निवडण्याचा खटाटोप शासनाला उरत नाही." तिने वाचलेल्या लेखात हे असं होतं असं धरू: "काम अंगमेहनतीचं आणि मजुरी बेताची असल्यामुळे ज्याला खरोखर नड आहे तोच येतो, गरीब कोण हे सरकारला वेगळं शोधत बसावं लागत नाही." सलग तीन शब्दसुद्धा सारखे नाहीत, त्यामुळे रिपोर्टमध्ये या ओळीला रंग नाही. पण विचार पूर्ण उचललेला, कारण-परिणामाचा क्रमही तोच, आणि तळटीप कुठेच नाही. ही चोरी आहे. ती त्याच माणसाला दिसेल ज्याने तो लेख वाचलाय, किंवा ज्याला विद्यार्थिनीच्या एरवीच्या लिखाणात हे वाक्य उपरं वाटेल.

दोन्हींचा गोंधळ व्हायला आपली नियमावलीही थोडी कारणीभूत आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत पायऱ्या साम्याच्या टक्क्यांच्या आहेत. प्रबंधासाठी १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. हे तक्ते भिंतीवर लागले आणि लोकांनी सोयीचा अर्थ काढला की १० टक्के चोरी माफ आहे. त्याच नियमांतला मजकूर मात्र फारसा कुणी वाचत नाही. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित समीकरणं हे सगळं मोजणीतून वगळायला सांगितलंय. सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत मात्र साम्य असता कामा नये, फक्त योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे सोडून. म्हणजे पहिलीचे ३४ टक्के नियमाप्रमाणे मोजले तर एक आकडी होतील.

आणि ते तसे मोजायचे की नाही, हे असाइनमेंट तयार करतानाच ठरतं. मूडलमध्ये टर्निटिनच्या सेटिंगमध्ये संदर्भसूची वगळा, अवतरणं वगळा, अमुक शब्दांहून छोटे तुकडे वगळा असे पर्याय असतात. घाईत सगळं रिकामं सोडलं की आकडा फुगतो. तोच निबंध दोन सरांच्या असाइनमेंटमध्ये टाकला तर दोन वेगळे टक्के येऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर. अवतरणांच्या बाबतीत एक खाच मराठीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावी: टर्निटिन दुहेरी अवतरणचिन्हातला मजकूर वगळतं, एकेरी चिन्हातला नाही. आपल्याकडे तर एकेरीचा वापर सर्रास. पसायदानाच्या चार ओळी एकेरी चिन्हांत दिल्या, की त्या ज्या असंख्य पानांवर आहेत त्यातल्या एकाशी जुळून लाल-निळ्या पट्ट्यात उभ्या राहणार. ज्ञानेश्वरांकडून चोरी केल्याचा आरोप कोणी करणार नाही, पण आकड्याला ते कुठे कळतं!

साठवणुकीचा पर्यायही असाच. जमा झालेलं लिखाण साठ्यात ठेवायचं की नाही, हे आधीच निवडावं लागतं. मार्गदर्शकांनी "आधी बघू तरी" म्हणून प्रबंध स्वतःच्या खात्यातून तपासला, साठवण चालू राहिली, आणि महिन्याने विद्यापीठाने तोच प्रबंध तपासला, की साम्य जवळजवळ शंभर टक्के. चोर कोण, तर स्वतःच स्वतःचा. कच्च्या मसुद्यासाठी साठवण बंद ठेवावी, एवढ्यावर हे टळतं.

हल्ली रिपोर्टच्या शेजारी दुसरा आकडा दिसतो, एआयने लिहिलेल्या मजकुराचा. टर्निटिनने तो एप्रिल २०२३ मध्ये इंग्रजीपासून सुरू केला. त्याची सरमिसळ साम्य किंवा चोरी यांच्याशी अजिबात करू नये. साम्याच्या रिपोर्टमध्ये निदान समोर मूळ पान उघडून ताडता येतं. एआयच्या आकड्यामागे दाखवायला मूळ असं काही नसतंच, फक्त अंदाज असतो. त्या एकट्या आकड्यावर कुणाला नापास करणं मला तरी पटत नाही.

मराठीतून लिहिलेल्या प्रबंधांचं काय, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इथे चूक उलट्या बाजूला होते. आपली कितीतरी पुस्तकं, नियतकालिकांचे जुने अंक, स्मरणिका नेटवर नाहीत, असलीच तर पानांचे फोटो म्हणून आहेत. १९६० च्या दशकातल्या एखाद्या मासिकातली पाच पानं जशीच्या तशी उतरवली तरी रिपोर्ट हिरवागार. त्यात फॉन्टची भानगड. अजूनही बरेच जण श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित करून घेतात. डोळ्यांना ती देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा असतो. सॉफ्टवेअर तो खिचडा वाचतं आणि अर्थातच काहीच जुळत नाही. शून्य टक्क्यांचं प्रमाणपत्र घेऊन विद्यार्थी खूश, विभागही खूश. इंग्रजी लेखाचं भाषांतर करून नाव न देता घातलेलं प्रकरण तर साध्या तपासणीत सापडण्याची शक्यता फारच कमी.

म्हणून मराठी विभागांनी निदान दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. फाइल युनिकोडमध्येच घ्यावी, म्हणजे देवनागरी अक्षरं आतही देवनागरीच राहतात. स्वीकारण्याआधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून बघावी, मराठी उमटली तर ठीक, नाहीतर परत. आणि रिपोर्ट फक्त पहिल्या पानावरचा आकडा म्हणून जोडून घेऊ नये, पूर्ण घ्यावा. उघडल्यावर आधी स्रोतांची यादी बघावी: पन्नास ठिकाणांहून अर्धा-अर्धा टक्का असेल तर बहुधा ठरीव शब्दप्रयोग जुळलेत, एकाच ठिकाणाहून ९ टक्के असतील तर एकूण आकडा १० च्या आत असूनही ते पान वाचायलाच हवं.

तक्रार झालीच तर निकाल सॉफ्टवेअर देत नाही. यूजीसीच्या नियमांनुसार आधी विभागाची समिती चौकशी करते, ४५ दिवसांत संस्थेच्या समितीला अहवाल देते, आणि विभागाच्या समितीत तपासणीच्या सॉफ्टवेअरची जाण असलेला एक सदस्य असावा लागतो. हिरव्या रिपोर्टवरही तक्रार करता येते. मूळ पुस्तकाचं पान शेजारी ठेवून.