साचा खात्याच्या दारातली जात

बोरीबंदर ते ठाणे रेल्वे एप्रिल १८५३ मध्ये धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सने एका अमेरिकी वृत्तपत्रात लिहिलं की, रेल्वेमागून येणारे आधुनिक उद्योग पिढीजात श्रमविभागणी मोडतील आणि तिच्यावर उभी असलेली जातही मोडेल. औद्योगिकीकरणाने जुन्या उतरंडी वितळतात, हा विचार पुढे समाजशास्त्रातही बराच काळ टिकला. मुंबईच्या गिरण्यांनी मात्र त्याला चांगलाच हिसका दिला.

गिरणीत सगळ्या जातींची माणसं होती हे खरं. पण सगळी सगळ्या खात्यांत नव्हती. दलित कामगार सूतकताईत, रिंग खात्यात भरपूर. साचा खात्यात, म्हणजे विणाईत, त्यांना मज्जाव, आणि पगार तिथेच जास्त. कारण काय, तर धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली, सुताची कांडी संपली की नवी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या ओठाला लागणार. तेवढ्यावरून विटाळ! यंत्र परदेशी बनावटीचं, पण त्याच्यापाशी कोण उभं राहणार हे गावच्या पाणवठ्याच्या नियमाने ठरायचं.

यात मालकांचा दोष किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इतिहासकार मॉरिस डी. मॉरिस यांच्या मते मालकांना जातीचं फारसं सोयरसुतक नव्हतं, आडकाठी सवर्ण कामगारांची होती. असेल, पण मालकांनी ती मोडण्याची तसदीही घेतली नाही. त्यात भरती जॉबरच्या, म्हणजे कामगार आणणाऱ्या मुकादमाच्या, हाती. तो आपल्या गावचे, आपल्या नात्यातले गडी आणायचा, त्यामुळे एकदा बसलेली घडी आपसूक टिकायची.

१९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे ठेवला. विणाई खातं दलितांना खुलं करण्याची मागणी यादीत घेण्यासाठी त्यांना बराच आग्रह धरावा लागला. पुढे १९३६ मध्ये त्यांनी जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असं मांडलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. कम्युनिस्टांना यातला पहिला शत्रू मोजणं जड जात होतं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. साचा खात्याचं दार हा त्या दिवशीचा विषय नव्हता.