नाईक यशवंत घाडगे आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस: थोडी पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्यातल्या माणगावला यशवंत घाडगेंचा (नाईक हा त्यांचा सैन्यातला हुद्दा) पुतळा आहे, तालुक्यातल्या लोकांना माहितीये, पण हा कोकणातला पोरगा इटलीत कशाला लढत होता ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं म्हणून जरा मागचं सांगतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं आणि घाडगे ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात होते. १९४४ च्या मे महिन्यात मोंते कॅसिनो हे इटलीतलं जर्मनांचं मोक्याचं ठाणं पडलं, ४ जूनला ब्रिटन-अमेरिकेच्या दोस्त सैन्याने रोम घेतलं आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरकू लागलं. पण पळत नव्हतं हं, जाता जाता प्रत्येक टेकडीवर मशीनगन लावून बसायचं, की समोरचे अडकले पाहिजेत आणि मागे गॉथिक लाईनची (उत्तर इटलीतली जर्मनांची संरक्षण रेषा) तटबंदी पुरी करायला वेळ मिळाला पाहिजे. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने गावाच्या आसपास, ही लढाई तिसऱ्या बटालियनच्या मराठ्यांच्या वाट्याला आली (रेजिमेंट तेव्हाची पाचवी मराठा लाइट इन्फंट्री).

१० जुलै १९४४. घाडगेंच्या सेक्शनवर (म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीवर) अगदी जवळून मशीनगन चालली आणि ते एकटे सोडून बाकी सगळे पडले, कुणी ठार कुणी जखमी. वय २२. ते थेट मशीनगनवर धावले, ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, टॉमी गनने (हातातली छोटी मशीनगन) आणखी एकाला पाडलं, मग गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळच नाही, तर तीच गन नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. ठाणं घेतलं, पण स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि ते तिथंच कोसळले. मला हे दरवेळी वाचताना गलबलून येतं.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, जाहीर झाला. आता यातली एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. हे पदक १८५६ मध्ये सुरू झालं तेव्हा मेलेल्या सैनिकाला ते मिळतच नव्हतं, फार तर गॅझेटमध्ये ओळ यायची की जगला असता तर शिफारस झाली असती. मरणोत्तर द्यायचं तत्त्व १९०७ ला मान्य झालं. आणि हिंदी सैनिक तर १९११ पर्यंत या पदकाला पात्रच नव्हते, मग कितीही पराक्रम करा! म्हणजे हेच घाडगे ४० वर्षं आधी लढले असते तर हा क्रॉस दोन्ही कारणांनी नाकारला गेला असता. स्वतंत्र भारताने मात्र सुरुवातच तशी केली, पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना बडगामच्या लढाईसाठी मरणोत्तरच दिलं.

घाडगेंचा देह काही मिळाला नाही. कॅसिनोच्या स्मारकावर, जिथं कबर नसलेल्या ४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं आहेत, तिथं त्यांचं नाव कोरलंय. आणि २०२३ च्या जुलैमध्ये मोंतोनेत त्यांच्या नावाने एक स्मारक उभं राहिलं, सूर्यघडीच्या रूपात, त्यावरच्या वाक्याचा अर्थ आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो असा आहे.